प्रेस्टनचे कप आणि गोदाआत्याचं वाण

लातुरात प्रेस्टन या इंग्लंडमधल्या शहराबद्दल माझ्याइतका अधिकारवाणीने बोलणारा दुसरा माणूस नाही. खरं तर बोलणाराच दुसरा नाही. तिथे वीस वर्षांतून एकदा 'गिल्ड' नावाचा नगरोत्सव भरतो. त्याची आठवण म्हणून निघालेले कप मी जमवतो. वर शहराचं चिन्ह, खाली साल. १९२२चा कप मिळवताना जेवढी खटपट झाली, तेवढी लग्न जमवताना झाली नव्हती. रविवारी मी शिकवतो त्या कॉलेजात त्यांचं प्रदर्शन होतं.

उद्घाटनाच्या पाहुण्यांना आणायला शनिवारी नांदेडला गेलो. संक्रांतीसाठी निलंग्याहून गोदाआत्या आली होती. तिला फोन केला.

"आत्या, माझे कप नीट आहेत ना?"

"कपाटातले? ते तर सगळे लुटले आज."

"लुटले? कुणी आलं होतं?"

"बाया. लई गर्दी झालती."

"तुला काही केलं का त्यांनी?"

"अत्तर लावलं हाताला."

संक्रांतीत लुटणं म्हणजे वाण वाटणं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मला कळलं नाही, कारण माझं निम्मं डोकं प्रेस्टनमध्ये असतं. अत्तर हुंगवून लुटणारी बायकांची टोळी! मी थेट पोलिसांना फोन लावला.

पाहुण्यांना घेऊन घरी पोचलो, तर ओट्यावर हवालदार तिळगूळ खात बसलेले.

"सर, आरोपी सापडल्या. समद्या शेजारणीच हायत. त्यातली एक आमची मंडळी हाय."

"उज्वला कामावर जाताना म्हनली, वाण कपाटात ठेवलंय, मला उशीर झाला तर तुमीच लुटा," आत्या म्हणाली. "मी कपाट उघडलं."

"वरच्या कप्प्यात, आत्या. स्टीलच्या वाट्या होत्या," उज्वला, म्हणजे माझी बायको, कपाळाला हात लावून म्हणाली.

दिलेलं वाण परत मागत नाहीत. मला रडूच यायला लागलं. शेवटी उज्वला वाट्या घेऊन दारोदार फिरली आणि सगळे कप बदलून घेऊन आली. मी देवापुढे साखर ठेवली आणि पिशवी उघडली. पहिला कप पांढराफेक. दुसराही. सगळेच.

"आत्या, यावरचं चित्र? साल?"

"घासून काढलं की. तारेच्या घासणीनं, दुपारभर. वाणावर बावीस साल कसं ठेवावं? बाया म्हनल्या असत्या, तारीख संपलेला माल दिला."

प्रदर्शन रद्द झालं. पाहुण्यांना चहा मात्र १९२२च्या कपातून दिला. म्हणजे, मला तरी तो १९२२चाच वाटला.