टक्कर न झालेल्या आकाशगंगा

आपल्या स्टुडिओतून बाहेर पडलेल्या फोटोवर डाग दाखवा आणि फोटो फुकट न्या, अशी अण्णांची जाहीर पैज होती. आजवर ती कुणी जिंकली नव्हती. गावातली निम्मी माणसं आहेत त्याहून बरी फक्त अण्णांच्या फ्रेममध्ये दिसत. अण्णांनी चामखिळी घालवल्या होत्या, टकलांवर केस उगवले होते, आणि एकदा तर घरच्यांच्या सांगण्यावरून ग्रुप फोटोतला एक अख्खा जावई उडवून तिथे कुंडी ठेवली होती. कुंडी जास्त शोभते, असं त्या घरच्या सासूबाई अजून म्हणतात.

त्यामुळे धाकटी लेक तारांगणातलं काम घेऊन आली तेव्हा अण्णा खुर्चीत जरा ताठ बसले. धाकटी तिथे नोकरीला लागली होती, पण अजून कायम व्हायची होती. नव्या दालनासाठी अवकाशातल्या दुर्बिणीने टिपलेले तीन फोटो जाड, उंची कागदावर भिंतभर छापायचे होते. संचालकबाईंच्या मनात एक बडी छपाई कंपनी होती. "माझे बाबा करतील," असं म्हणून धाकटीने आपला शब्द टाकला होता.

"प्रत्येक फोटोत दोन आकाशगंगा एकमेकींवर आदळतायत," ती म्हणाली. "आणि बाबा, हात लावायचा नाही. आहे तसं छापायचं."

"आहे तसंच," अण्णा म्हणाले.

घोळ झाला तो इथे. अण्णांच्या धंद्यात हे प्रत्येक गिऱ्हाईक सांगतं आणि एकाच्याही मनात ते नसतं. 'आम्हाला नटवू नका हो, आहोत तसे येऊ द्या' म्हणणारी बाई गळ्याखालची वळी दिसली की दुसऱ्या दिवशी फोटो परत आणते. म्हणून अण्णा तोंडाने 'हो' म्हणत आणि हाताने आपलं काम करत.

मात्र हात फिरवण्याआधीचा फोटो जपून ठेवायचा, हा त्यांचा नियम. आपण किती राबलो ते दाखवायला बरा पडतो. काम मोठं, म्हणून या वेळी त्यांनी 'आधी'चे फोटोही भिंतभर छापले. तेवढ्यावरून काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, संध्याकाळभर कागदाच्या नासाडीवर भाषण दिलं.

मग अण्णा कॉम्प्युटरसमोर बसले. काळ्याभोर पडद्यावर पांढरे ठिपकेच ठिपके.

"एवढी महागाची दुर्बीण, पण काच पुसायला माणूस नाही," ते पुटपुटले, आणि सगळी धूळ साफ केली.

ठिपके गेल्यावर झिपऱ्या दिसायला लागल्या. आकाशगंगांच्या कडेने लांबच लांब बटा सुटल्या होत्या. अण्णांनी त्या विंचरून आत घेतल्या. राहिली एकच अडचण. एक आकाशगंगा दुसरीच्या खांद्यामागे निम्मी झाकली जात होती. झाकला गेलेला माणूस पुढे भांडायला येतो, हे अण्णांना अनुभवाने ठाऊक. त्यांनी दोघींना अलगद बाजूला केलं, झाकलेला भाग अंदाजाने भरला आणि मध्ये शोभेल इतकं अंतर ठेवलं.

काकूंनी चष्मा लावून पाहिलं. "छान दिसतायत. मघाशी काहीतरी भांडण चाललंय असं वाटत होतं."

"मिटवलं," अण्णा म्हणाले.

उद्घाटनाच्या सकाळी फोटो तारांगणात पोचले. भिंतीवर 'आकाशगंगांची टक्कर' अशी पाटी आधीच लागली होती. पाहुणे यायला थोडाच वेळ होता. संचालकबाईंनी पाटी वाचली, मग फोटो पाहिले. बसथांब्यावर दोन अनोळखी बायका उभ्या राहाव्यात तशा आकाशगंगा उभ्या होत्या.

"यात टक्कर कुठाय?" बाईंनी विचारलं. "आणि तारे?"

"कुठले तारे?"

"हजारो होते मागे."

"ते होय? पुसले," अण्णा खुशीत म्हणाले. "आता एक जरी सापडला तरी फोटो फुकट."

"बाबा," धाकटी अगदी हळू म्हणाली, "ते तारेच होते."

बाई तिच्याकडे वळल्या. "तुमच्या शब्दावर मी हे काम दिलं होतं."

"हो मॅडम." धाकटी मान खाली घालून उभी राहिली. अण्णांनी आजवर पुष्कळ बोलणी पचवली होती, पण ती खाली गेलेली मान त्यांना बघवेना. त्यांनी कोपऱ्यात जाऊन घरी फोन लावला.

"अगं, ते 'आधी'चे मोठे फोटो..."

"ज्यांच्यावर कागद नासला ते?"

"तेच. घेऊन ये. उरलेलं वाटेत बोल."

काकू तिन्ही गुंडाळ्या काखेत मारून आल्या त्या खरंच बोलतच आल्या. खरे फोटो भिंतीवर चढले. तारे, झिपऱ्या, धक्काबुक्की, सगळं जागच्या जागी. बाईंनी श्वास सोडला. पण अण्णांचे फोटो ठेवायचे कुठे? धाकटीने एक कोरा पुठ्ठा घेतला, त्यावर ठसठशीत अक्षरांत लिहिलं, 'टक्कर होण्याआधी. एका छायाचित्रकाराची कल्पना', आणि ते तिन्ही फोटो बाहेरच्या बोळात मांडले. पाहुणे आधी बोळातून गेले, मग दालनात. कुणालाही काही समजावून सांगावं लागलं नाही.

"म्हणजे तुमचं 'नंतर' ते यांचं 'आधी'?" काकूंनी विचारलं.

"अवकाशात काळ वेगळा चालतो," अण्णा म्हणाले.

जाताना बाई धाकटीला म्हणाल्या, "तुमचे कायमचे कागद पाठवते. फक्त वडिलांकडे फाइल देण्याआधी मला विचारा." मग अण्णांकडे वळल्या. "कार्यालयात लावायला माझा एक फोटो काढून द्या. पण आहे तसा. एक ठिपकासुद्धा हलवायचा नाही."

एकदा पोळलेल्या अण्णांनी या वेळी हुकूम अक्षरशः पाळला. सुरकुती सुरकुतीच्या जागी ठेवली, फोटो पाकिटात घालून पाठवून दिला आणि आयुष्यात पहिल्यांदा काहीही न करता दमून बसले.

तासाभरात बाई स्टुडिओच्या दारात हजर. त्यांनी पाकीट काउंटरवर ठेवलं, मागे कुणी नाही ना ते पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"अण्णा, इथे हनुवटीवर जरा धूळ बसलीय वाटतं."

अण्णांनी फोटोकडे पाहिलं. मग बाईंच्या हनुवटीकडे पाहिलं. धूळ तिथेही होती.