निनावी पाणघोडा

सलग तिसऱ्या रात्री डार्सी वोंद्राला झोप लागली नाही, आणि त्याचं कारण असं की तिच्या मुलीच्या आयुष्यात आजवर काहीही वाईट घडलेलं नव्हतं.

टेसा सतरा वर्षांची. राज्य विद्यापीठात पहिल्या वर्षाचा प्रवेश केव्हाच पक्का झालेला. पण नुसता प्रवेश काय, गावातल्या निम्म्या मुलांना मिळतो. डार्सीचा जीव अडकला होता तिथल्या ऑनर्समध्ये. नव्याने येणाऱ्या हजारो मुलांतून चाळीस जण वेगळे काढायचे, त्यांना वेगळं वसतिगृह द्यायचं, बारा-बारा जणांच्या वर्गात बसवायचं आणि प्राध्यापकांनी त्यांना नावाने हाक मारायची, असा तो मामला. त्याचा अर्ज निराळा, आणि अर्जासोबत निबंध: 'तुमच्या वाटेत आलेला एखादा अडथळा सांगा. त्याला कसं तोंड दिलंत ते पाचशे शब्दांत लिहा.' मुदत शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत.

अडथळा! डार्सी पडल्या पडल्या मुलीचं सगळं आयुष्य उसवून बघत होती. मोठं आजारपण नाही. अपघात नाही. आजी गेल्याचं दुःख म्हणावं, तर आजी एक्याऐंशीव्या वर्षी दर बुधवारी बोलिंगला जात होती आणि जिंकून येत होती. कुत्रा? प्रेट्झेल चौदा वर्षांचा झाला होता. डॉक्टरांनी दोनदा मनाची तयारी ठेवायला सांगितलं, आणि दोन्ही वेळा त्याने घरी येऊन अख्खा पाव फस्त केला होता. (कुत्र्याच्या ठणठणीत प्रकृतीबद्दल आपल्याला किंचित नाराजी वाटली, हे लक्षात येताच डार्सी उठून त्याला थोपटून आली.)

"कर्ट," तिने नवऱ्याला हलवलं. "तुझी नोकरी कधी गेली होती का रे?"

"नाही," कर्ट उशीत म्हणाला. तो धान्याच्या कोठारावर काम करायचा, लग्नाआधीपासून.

"जाण्यासारखी आहे का?"

"का? कोण काय म्हणालं?"

"कुणी काही नाही. बरं, तुझं पिणं? म्हणजे टेसाला त्याचा कधी त्रास झाला असेल का?"

"रविवारी मॅच बघताना एक बिअर घेतो मी."

"एकच?" डार्सी म्हणाली, आणि तिच्या आवाजातली निराशा तिला स्वतःलाच ऐकू आली.

तिच्यासोबत गावच्या ग्रंथालयात काम करणाऱ्या लव्होनचा भाचा गेल्या वर्षी ऑनर्सला लागला होता. त्याच्या घराचं छप्पर वावटळीने उचलून नेलं होतं, आणि त्याने त्यावर असा काही निबंध लिहिला की वाचून डीनबाई रडल्या म्हणे. "अख्खं छप्पर गं," लव्होन आजही अभिमानाने सांगायची. तीच वावटळ डार्सीच्या घरावरूनही गेली होती. त्यांचं फक्त अंगणातलं झोपाळ्याचं बाक शेजाऱ्याकडे गेलं, आणि शेजाऱ्याने ते रंगवून परत आणून दिलं. एकेकाचं नशीब!

आता एवढा आटापिटा कशासाठी, तर त्याचं उत्तर स्वयंपाकघरातल्या पाककृतींच्या पत्र्याच्या डब्यात होतं. भोपळ्याच्या वड्यांच्या कार्डामागे एक घडी घातलेलं पत्र होतं, अठरा वर्षांपूर्वीचं. त्याच विद्यापीठाचं, त्याच ऑनर्सचं: कुमारी डार्सी, तुमची निवड झाली आहे. त्याच महिन्यात टेसाची चाहूल लागली. डार्सी गेली नाही. पुढे तिने इथल्याच छोट्या कॉलेजात संध्याकाळचे वर्ग करून पदवी घेतली, पण त्या पत्राबद्दल ती कधी कुणाला बोलली नाही. कर्टलाही नाही. (कर्ट भोपळा खात नाही, त्यामुळे जागा अगदी सुरक्षित होती.) टेसा त्या चाळीस जणांत आली की ते पत्र शांतपणे फेकून द्यायचं, असं तिने मनाशी ठरवलं होतं.

सोमवारी सकाळी तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, "निबंध कुठवर आलाय?"

"चाललाय," टेसा म्हणाली. या मुलीचं सगळं 'चाललाय'मध्येच असायचं.

"अडथळा सापडला का?"

"आई, तू माझ्या दारात उभी आहेस. बस सुटेल."

टेसाने दोन आठवड्यांपूर्वी एक लिंक आईला पाठवली होती, कच्चा निबंध झाला की ग्रंथालयात छापून आणायला. एकाच पानावर दोघांना दोन ठिकाणांहून लिहिता येतं, अशातलं ते पान. दुपारी जेवणाच्या सुट्टीत डार्सीने ग्रंथालयाच्या कॉम्प्युटरवर ते उघडलं. फक्त बघायचं, असं ठरवून. नाव वगैरे कुठे टाकलं नाही, म्हणजे आपण कोण ते कुणाला कळायचा प्रश्नच नाही, असा तिचा हिशेब. (दर गुरुवारी गावातल्या म्हाताऱ्यांना कॉम्प्युटर शिकवण्याचं काम या बाईकडे होतं, हे इथे सांगून टाकलेलं बरं.)

पानावर दोन ओळी होत्या: 'माझ्या वाटेत फारसे अडथळे आले नाहीत. याची मला थोडी लाज वाटते.'

डार्सीने एक स्वल्पविराम टाकला. मग काढला. मग वाटलं, आलोच आहोत तर एखादं वाक्य. शाळेत तिला टायपिंग शिकवणाऱ्या मिस पेल्ट्झ प्रत्येक पूर्णविरामानंतर दोनदा जागा सोडायला लावायच्या. एकदाच सोडली तर बोटांवर पट्टी. तशा ऐसपैस जागा सोडत डार्सीने लिहिलं: 'दात सरळ करायच्या तारा तीन वर्षं होत्या. फार सोसलं.' आणि ती सुसाट पळाली, म्हणजे खिडकी बंद केली.

रात्री जेवायला राजमा-खिम्याची चिली आणि दालचिनीचे गोड रोल होते. डार्सीने दुसरा रोल उचलला, तेवढ्यात टेसा म्हणाली, "माझ्या निबंधात कुणीतरी शिरलंय."

"कोण?" कर्टने विचारलं.

"माहीत नाही. नाव दिलं नाही की ते पान आपणच एखाद्या प्राण्याचं नाव लावतं. हा निनावी पाणघोडा आहे."

डार्सीने रोल खाली ठेवला.

"पाणघोडा!" कर्ट खूश झाला. "केवढा?"

"चित्र छोटंसंच असतं, बाबा. पण आहे गुबगुबीत."

"हरीण वगैरे नाही का लावत?" डार्सीने विचारलं. जानेवारीपासून तिने डोनट सोडले होते. "म्हणजे, सर्वसाधारणपणे?"

"ज्याचं त्याचं नशीब," टेसा म्हणाली.

"ओबर्ग सर असतील." ओबर्ग सर म्हणजे शाळेतले सल्लागार. त्यांचा बळी देताना डार्सीला वाईट वाटलं, पण वेळच तशी होती. "मुलांना मदत करायचं कामच आहे त्यांचं."

टेसाने आईकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "असतील," ती म्हणाली. "असू दे बिचारा."

बिचारा! डार्सीला ती परवानगीच वाटली. मंगळवारी दुपारी तिने पान उघडलं, तर तारांचं वाक्य गायब, आणि त्याजागी लिहिलेलं: 'पाणघोड्या, आहेस का?' टेसाचा शाळेत मोकळा तास चालू होता.

डार्सीने इकडेतिकडे पाहिलं. तिने लिहिलं, 'आहे.'

'मग सांग ना, काय लिहू?'

गेल्या चार वर्षांत टेसाने आईला हा प्रश्न एकदाही विचारला नव्हता. डार्सी खुर्चीत सरसावून बसली. 'तुझी शेळी जत्रेच्या स्पर्धेत हरली होती ना?'

'दुसरी आली.'

'रडली असशील तेव्हा.'

'कोण, शेळी?'

'तू.'

'मी लिंबू सरबत प्यायले. शेळीने माझा बिल्ला खाल्ला.'

'हेच! बिल्ला गमावण्याचं दुःख!'

'पाणघोड्या, तू जाम अगतिक झालायस,' टेसाने लिहिलं आणि तास संपला.

शेळीची नावनोंदणी ओबर्ग सरांनी केली नव्हती, मग त्यांना शेळी कशी ठाऊक, हा विचार डार्सीला घरी जाताना, डाव्या वळणावर आला. तिने तो उजवीकडे सोडून दिला.

बुधवारी टेसा पानावर आलीच नाही. डार्सीने अर्धा तास वाट पाहिली आणि दोन पुस्तकं उलटी लावली. गुरुवारी मात्र पान उघडलं, तर त्यावर लिहिलेलं होतं:

'पाणघोड्या, खरा अडथळा मला माहीत आहे. पण तो माझा नाही, आईचा आहे. उन्हाळ्यात भोपळ्याच्या वड्या करायला डबा काढला तर मागे पत्र होतं. तिची ऑनर्सला निवड झाली होती आणि ती गेली नाही. मी तारखा जुळवून पाहिल्या. अडथळा मी होते. हे लिहू का? आणि तिला विचारू कसं?'

"बाई, हे झेरॉक्सचं झाकण उघडत नाहीये," समोरून म्हातारे श्रीयुत हुसेक म्हणाले.

"मग बंदच ठेवा," डार्सी म्हणाली. पंधरा वर्षांच्या नोकरीत ती वाचकाला असं पहिल्यांदाच बोलली.

तिने लिहायला घेतलं. 'तू मला कधी' असं लिहून झालं आणि तिला घाम फुटला. 'मला' खोडलं, 'तिला' केलं, मग अख्खं वाक्यच पुसलं. (त्या पानावर इकडे अक्षर उमटतं त्याच क्षणी तिकडे दिसतं, हे ती दर गुरुवारी म्हाताऱ्यांना शिकवते.) 'तुझ्या आईला त्या वर्षी दोन बातम्या आल्या. एक तिने डब्यात ठेवली. दुसरीचं नाव टेसा ठेवलं.' हे वाचून ती स्वतःवरच खूश झाली, मग तिला आपल्या खूश होण्याची शरम वाटली, आणि तिने खरं लिहायला सुरुवात केली. 'खोटं कशाला सांगू. पहिली दोन वर्षं तिला सप्टेंबर महिना सहन व्हायचा नाही. सगळे कॉलेजात जायचे आणि तुझा कान दुखायचा. ती तुला खांद्यावर घेऊन स्वयंपाकघरात फेऱ्या मारायची आणि हातात तिचं पुस्तक असायचं, त्यातली एक ओळ कळायची नाही. चिडायची ती. पण तुझ्यावर नाही. कानावर. तू अडथळा नव्हतीस. ज्याच्यासाठी थांबावंसं वाटतं त्याला अडथळा म्हणत नाहीत. तू तुझा निबंध लिही. तिला तिचा राहू दे.'

 पलीकडून एकच शब्द आला: 'बरं.'

शुक्रवारी डार्सीने लव्होनला पोट दुखतंय असं सांगून चार वाजताच ग्रंथालय सोडलं. पान कोरं होतं. काल तिने लिहिलेलं सगळं टेसाने पुसलं होतं, आणि नवीन एक ओळही नव्हती. पाचला मुदत संपणार होती. अठरा वर्षं मी लपवलं आणि शेवटच्या दिवशी एका पाणघोड्याने पोरीचा निबंध बुडवला, असं पुटपुटत तिने गाडी अंगणात अर्धी गवतावर, अर्धी ट्युलिपच्या वाफ्यावर उभी केली.

टेसा स्वयंपाकघरात भोपळ्याच्या वड्या कापत होती. पाककृतींचा डबा उघडाच होता. प्रेट्झेल खाली आशेने बसला होता.

"टेसा," डार्सी दारातूनच म्हणाली, "ओबर्ग सर पाणघोडा नाहीत."

"माहितीये."

"मी आहे."

"आई, माहितीये. पूर्णविरामानंतर दोन-दोन जागा सोडणारं जनावर या अख्ख्या काउंटीत एकच आहे."

डार्सी खुर्चीत बसली. "कधीपासून?"

"तारांपासून. 'फार सोसलं.' तारा मला होत्या, सोसलं तू. दर महिन्याला तीस मैल गाडी."

"मग बोलली का नाहीस?"

"तुला समोर बसवून पत्राचं विचारलं असतं तर काय केलं असतंस?"

डार्सीने प्रामाणिकपणे विचार केला. "जेवायला वाढलं असतं."

"तेच ना." टेसाने एक वडी आईपुढे सरकवली आणि क्षणभर तिच्या खांद्यावर हनुवटी टेकवली. "काल लिहिलंस ते पुसण्याआधी मी छापून घेतलंय. माझ्याजवळच राहणार आहे ते. डब्यात नाही."

डार्सीने डोळे पुसायला फडकं उचललं, आणि वर भिंतीवरचं घड्याळ दिसलं. "अगं, साडेचार! निबंध! पान कोरं आहे तुझं! चल, बस, काहीतरी लिही, शेळीच लिही!"

"अर्ज मी मंगळवारीच पाठवला, आई. पान नुसतं तुझ्यासाठी उघडं ठेवलं होतं."

"मंगळवारी?" डार्सी हातात वडी धरून तशीच राहिली. मंगळवारी पत्राचा विषयच निघाला नव्हता. छप्पर उडालं नव्हतं, आजी जिंकत होती, कुत्रा खात होता. "मग अडथळा कुठला लिहिलास?"

टेसाने सुरी पुसून ठेवली.

"अडथळा म्हणून गुबगुबीत जनावर चालेल का, एवढंच मी त्यांना फोन करून विचारलं," ती म्हणाली. "चालेल म्हणाले."