चार टिकल्यांचा लॅपटॉप

आमच्या शेजारच्या भास्करकाकांच्या घरात माउसला बंदी आहे. मी एकदा कौतुकानं नवाकोरा नेऊन दिला, तर त्यांनी हातही न लावता परत केला. "तुज्याकडंच ठेव रे. बाण शोधत बसला तर काम कदी व्हायचा?"

काका शहापुरात पाण्याचे पंप दुरुस्त करायचे. भंगारातला एक लॅपटॉप उचलून त्यांनी त्यात लिनक्स नावाची फुकटची प्रणाली घातली आणि वर नुसता एक हलका विंडो मॅनेजर. म्हणजे पडद्यावर खिडक्या मांडणारा एवढासा प्रोग्रॅम. चित्रं नाहीत, मेन्यू नाही, सगळा कारभार कळांवर. चालू केला की पडदा काळाकुट्ट. पाहुणा हळहळायचा, "बंद पडला वाटतं." काका खूश! "बंद नाय, हुकमाची वाट बघतोय."

त्या पडद्याच्या त्यांनी चार खोल्या केल्या होत्या, एका कळेला एक: माजघर, ओटी, चूल, पडवी. पडवीत कधीच काही नसे. "घराला रिकामी जागा पायजे," म्हणायचे. एकदा सेटिंगच्या फायलीत एक कंस चुकला, तर काका दोन दिवस बिनआंघोळीचे. काकू करवादल्या, "आदी न्हाऊन घ्या, कंस काय पळून जातोय?"

मी ठाण्याला कॉम्प्युटरच्याच नोकरीत. त्यामुळे अक्कल सगळी माझ्याकडे, असा माझा समज.

गेल्या महिन्यात लॅपटॉपची बिजागरी ढिली झाली. काकांनी तो माझ्याकडे दिला. "स्क्रू आवळून आण. आतल्या कशाला हात लावू नको." पण गप्प बसेन तर मी उंटावरचा शहाणा कसला! सगळं पुसून छान रंगीत डेस्कटॉप टाकला, मागे माहुली किल्ल्याचा फोटो लावला. वरच्या रांगेत चार कळांवर टिकल्या चिकटवलेल्या होत्या. नातीचा उद्योग समजून त्याही नखानं खरवडल्या आणि स्पिरिटनं पुसल्या.

रविवारी सकाळी मिरवत नेऊन दिला. काका पडद्याकडे बघत राहिले. तेवढ्यात काकू भिंतीला हात लावत आल्या. साखरेनं त्यांची नजर जवळजवळ गेली आहे, हे मला ठाऊक होतं.

"सुमीला लावते," म्हणत त्या बसल्या. सुमी म्हणजे लेक, वैशाखरे गावात दिलेली. काकूंचं बोट वरच्या रांगेवरून फिरलं. परत फिरलं.

आत्ता कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. पहिली टिकली दाबली की माजघर उघडायचं, आणि माजघरात थेट सुमीला फोन लागायचा. मोबाइलची काच गुळगुळीत, बोटाला काय कळणार? आणि माउसचा बाण काकूंना दिसणारच नव्हता.

"अवो, टिकल्या कुठं गेल्या?" काकूंनी पुन्हा कळा चाचपल्या. "माज्याच हातून बिगडला काय?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तू नाय गो," काका म्हणाले. "मीच काढल्या. जुन्या झालत्या." माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

काकूंनी फडताळातून चाचपत टिकल्यांचं पाकीट काढलं आणि माझ्यापुढे धरलं. "तू लाव रे बाबा. यांचे हात थरथरतात. तुजा किती आधार आमाला!"

मी खाली मान घालून चारही टिकल्या लावल्या. काकूंनी पहिली दाबली. काहीच झालं नाही. त्यांनी पुन्हा दाबली आणि थोडा वेळ कान देऊन बसल्या.

"कामात असंल सुमी," त्या म्हणाल्या.

"असंल," काका म्हणाले. त्यांनी चष्मा लावला, सेटिंगच्या ओळी उतरवलेली जुनी वही उघडली आणि पहिल्यापासून टाइप करायला घेतलं. मी शेजारी बसून एकेक ओळ वाचून दाखवत होतो. "काकू, मी केलं," एवढं मात्र अजून बोललेलो नाही.