शिलाईकाकूंच्या फोडांवर दुरून केलेली स्वारी

घडले तितकेच लिहावे, पदरचा मीठमसाला घालू नये, ऐसे मनी धरून दूरचिकित्सेच्या मोहिमेचे वर्तमान येणेप्रमाणे लिहिले असे.

मुलूख आडवळणाचा, त्वचेचे डॉक्टर शहरी, मध्ये सहा तासांची वाट. सबब आरोग्यखात्याचे थोरले साहेब यांणी मसलत केली की, डॉक्टरांस मोबाइलच्या पडद्यावर हजर करावे आणि दुर्मिळ रोगांचा जागचे जागी बंदोबस्त करावा. मग फीत कापिली, आणि टाळ्या जाहल्या, आणि साहेबांनी त्याच मोबाइलवर आपल्या मुखाच्या बावीस तसबिरी काढविल्या, आणि तो उपकेंद्राच्या सिस्टरबाईंचे हवाली केला. मोबाइलच्या पाठीवर हुकूम चिकटविला की, सेटिंगला हात लावील तो जबाबदार धरिला जाईल.

ते समयी गावच्या शिलाईकाकू जेरीस आल्या होत्या. पाठीवर पाण्याचे फोड उठत, फुटत, आणि कातडी सोलून निघे. तोंडही आतून सोलवटलेले. दोन महिन्यांत काकूंनी स्वतःचेच ब्लाउज दोनदा आत घेतले होते. “सिस्टर, पाणीसुद्धा झोंबतं हो,” त्या म्हणाल्या. “रोगाआधी भुकेनंच जाईन मी.”

एका मंगळवारी सिस्टरबाईंनी काकूंस मोबाइलपुढे बसवून पाठ व तोंड दाखविले. डॉक्टरसाहेब पडद्यावर अवतरले, आणि निवाडा दिला की, किंचित लाली आहे, मलम लावावे. तोंड आले असेल, जीवनसत्त्वाच्या गोळ्या द्याव्या. दुसरे मंगळवारी सिस्टरबाईंनी फोड आहेत ऐसे सांगितले, तरी तोच निवाडा. तिसरे मंगळवारी डॉक्टरसाहेब त्रासून वदले की, कातडी इतकी तुकतुकीत असता आमचा वेळ का खाता. सिस्टरबाईंच्या तळपायाची आग मस्तकी गेली.

इतक्यात त्यांची नजर पडद्याच्या कोपऱ्यातील आपल्याच छबीवर पडली. कांजिण्यांचे वण गायब, डोळ्यांखालची वर्तुळे गायब, वीस वर्षांची नोकरी साफ पुसली गेलेली. बाई क्षणभर सुखावल्या, हे लपविण्यात अर्थ नाही. मग ध्यानी आले. थोरल्या साहेबांनी तसबिरींसाठी कातडी तुकतुकीत दाखविण्याची सोय चालू केली, ती चालूच राहिली होती. आणि जे हत्यार साहेबांच्या सुरकुत्या मारी, तेच तीन मंगळवार काकूंचे फोड मारीत होते.

सिस्टरबाईंनी हुकुमाची चिठ्ठी नखाने खरवडून काढिली, सेटिंगात शिरल्या आणि ती सोय बंद केली.

“आता बघा, डॉक्टर,” त्या म्हणाल्या. “आणि जरा वेळ खाऊन बघा.”

 मग डॉक्टरसाहेब खुर्चीत सावरून बसले, आणि काकूंची माफी मागितली, आणि फर्माविले की, शरीर आपल्याच कातडीवर उलटते ऐसा हा विरळा रोग दिसतो, जिवावर बेतेल, आजच्या आज रुग्णालयी आणावे. रुग्णवाहिका निघाली, कातडीचा तुकडा तपासला, रोग तोच ठरला आणि औषध लागू पडले.

महिन्याअखेर थोरल्या साहेबांचे दोन खलिते सुटले. वर्तमानपत्रांस, की योजना फत्ते जाहली. आणि सिस्टरबाईंस, की सेटिंगला हात का लाविला, याचा लेखी खुलासा करावा. बाईंनी खुलासा एका ओळीत धाडिला. तो दप्तरी रुजू आहे, तैसाच येथे उतरविला:

“काकू काल पोटभर जेवल्या.”