गाडी पोचती केली

ड्रायव्हरकाका जेवायच्या वेळेला घरी आले, इथेच शिवणकाकूंना शंका यायला हवी होती. त्यांच्या सबंध संसारात हा माणूस जेवायच्या वेळेला घरी आल्याचं कुणाला आठवत नव्हतं. पण काकूंची मान शिलाई मशीनवर होती आणि हेडबाईंच्या उशांचे अभ्रे हातात होते. काकांनी हातपाय धुतले, सकाळी नेलेला डबा तसाच भरलेला होता तो ताटात रिकामा केला आणि भिंतीला पाठ टेकून जेवायला बसले.

"कसं झालं?" काकूंनी मान वर न करता विचारलं.

"छान झालं. रस्ता मोकळा होता. गाडीला कुठे ओरखडा नाही."

"बाई काय म्हणाल्या?"

"काही नाही. मुकाट्याने सही केली."

मशीन थांबलं. सही कशाची ते काकूंना कळेना. तरी त्यांनी शांतपणे विचारलं, "मग आता त्यांना परत आणायला कधी निघायचं?"

काकांचा घास तोंडाशीच राहिला. "कुणाला?" ते म्हणाले.

त्या काळी मोटारींच्या दुकानातून विकलेली गाडी गिऱ्हाइकाच्या दारात नेऊन पोचवणारे लोक असत. काका त्यांतलेच. मिळकत गाडीमागे. जाताना गाडीतून जायचं आणि येताना आपापल्या खर्चाने आपापलं यायचं. गाडीला तात्पुरती बांधलेली लाल अक्षरांची पाटी सोडवून काखेत मारायची आणि बस मिळाली तर बस, नाहीतर ती पाटी छातीशी धरून रस्त्याच्या कडेला उभं राहायचं. पाटी पाहिली की दुसरा एखादा गाडीवाला ओळखून थांबे. सीटवर प्लॅस्टिक, म्हणून गाडीत बसून खायचं नाही. गिऱ्हाईक घरी नसेल तर त्याच्या फाटकाशी ताटकळायचं, त्याचा एक पैसाही नाही. आणि वाटेत कुणाच्या तरी सायकलचा दांडा घासला, तर तो ओरखडा ड्रायव्हरच्या पैशांतून कापायचा.

कचेरीतले साहेब सगळ्या ड्रायव्हरांना 'मालक' म्हणत. तुम्ही आमचे नोकर नाही, स्वतःच्या मर्जीचे मालक आहात, असं ते पहिल्याच दिवशी खुर्चीतून उठून, हात हातात घेऊन सांगत. नोकर नाही म्हणून रजा नाही आणि आजारपणाचा पगार नाही. एकदा काका तापाने अंथरुणाला खिळले, तेव्हा साहेबांनी मुद्दाम निरोप धाडला की मालकांनी हवी तेवढी विश्रांती घ्यावी. काका उठले तोवर त्यांच्या नेहमीच्या रस्त्यावर दोन तरणे मालक लागले होते. तेव्हापासून कुणी मालक म्हणून हाक मारली की काका आधी खिसा चाचपत.

काकूंनी हे सगळं पाहिलं होतं. नवऱ्याची पाठ वाकत गेलेली पाहिली होती, आणि गुडघा धरून जिना चढताना मधल्या पायरीवर घेतलेला दमही त्यांना आतून ऐकू यायचा. म्हणून हेडबाईंच्या पडद्यांची मापं घेताना त्यांनी धीर करून विषय काढला होता.

हेडबाई म्हणजे गल्लीच्या टोकाच्या बंगलीत एकट्या राहणाऱ्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांच्याकडे एक जुनी, पण जपलेली गाडी होती आणि ती त्या स्वतः उत्तम चालवत. पण मध्यंतरी न्हाणीघरात पाय घसरून पडल्या. हाडबीड काही मोडलं नाही, डॉक्टरांनीही बऱ्या झाल्या म्हणून सांगितलं, तरी परगावच्या मुलाने येऊन फर्मान काढलं की आईने यापुढे गाडीला हात लावायचा नाही. ड्रायव्हर ठेवावा, पगार तो देईल. दरमहा पगार, रविवारी सुट्टी, आजारपणाची रजा. काकूंनी या तीन गोष्टी मापांच्या चिठ्ठीशेजारी मनात लिहून घेतल्या होत्या.

आज परीक्षेचा दिवस होता. बाईंना शहराच्या दुसऱ्या टोकाला, धाकट्या बहिणीकडे न्यायचं आणि संध्याकाळी परत आणायचं. काकूंनी रात्रीच शर्टाला इस्त्री केली होती. दार उघडून धरा, त्यांना आजी म्हणू नका, दात कोरू नका, सगळं बजावून झालं होतं. थांबायचं असतं, एवढंच सांगायचं राहिलं. पण ते कुणी कुणाला सांगतं का?

आता ताट बाजूला सारून काकूंनी उलटतपासणी घेतली. बाई मागे बसल्या, वाटभर एक शब्द बोलल्या नाहीत. काका तर गाडीत कधीच बोलत नसत, बोलणार कुणाशी? इतक्या वर्षांत त्यांच्या गाडीत मागे कुणी बसलंच नव्हतं. फाटक आलं. गाडी उभी राहिली. बाई आपल्या आपण दार उघडून उतरल्या. मग समोर एक घर, घरापुढे स्वच्छ गाडी, गाडीपुढे गिऱ्हाईक. पुढचं हातांनी केलं. काकांनी गाडीभोवती एक फेरी मारली, काचेवरची धूळ पुसली, चावी बाईंच्या तळहातावर ठेवली, खिशातल्या कोऱ्या पावतीवर 'गाडी सुस्थितीत मिळाली' म्हणून सही घेतली आणि बसथांब्याकडे चालू लागले.

"त्यांनी तुम्हाला हाक नाही मारली?"

"नाही. सही करण्यापूर्वी पावती दोनदा वाचली. मग चावीकडेच बघत राहिल्या."

"आणि बसमध्येसुद्धा तुमच्या डोक्यात उजेड पडला नाही?"

काका खाली मान घालून म्हणाले, "बसमध्ये झोप लागली. आज फार लवकर सुटलो असं वाटलं."

काकूंना संतापायचं होतं, पण हे वाक्य मध्येच आडवं आलं. त्यांनी पायांत चपला सरकवल्या.

बसथांब्यावर बस नव्हती. बराच वेळ नव्हती. काकूंच्या डोळ्यांसमोर बहिणीच्या दारात खुर्ची टाकून बसलेल्या, घड्याळाकडे पाहणाऱ्या हेडबाई येत होत्या. जसजसा वेळ जाई तसतशा त्या मोठ्या होत होत्या. शेवटी काका चाचरत म्हणाले की त्यांच्या पद्धतीने गेलं तर लवकर पोचू. लाल पाटी त्यांनी घरातून निघताना सवयीने काखेत घेतलीच होती. काकूंनी साफ नकार दिला. बाईमाणसाने रस्त्यावर हात करून गाड्या थांबवायच्या म्हणजे काय? आणखी थोडा वेळ गेला. मग त्या स्वतःच पदर खोचून रस्त्याच्या कडेला जाऊन उभ्या राहिल्या.

आपला नवरा असा उभा राहतो, हे त्यांना माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि शेजारी उभं राहणं वेगळं. गाड्या धुरळा उडवत जात होत्या. आतली माणसं पाहत आणि मग पाहिलं नाही असं करत. काका पाटी छातीशी धरून निश्चल उभे होते, शाळेत गटाच्या फोटोला उभं राहावं तसे. चेहऱ्यावर ना राग, ना आशा.

"रोज इतका वेळ लागतो?" काकूंनी विचारलं.

"आज बरं आहे," काका म्हणाले. "ऊन फार नाही."

एक टेंपो थांबला. त्यात लग्नाकार्याला भाड्याने देतात तशा खुर्च्या रचलेल्या होत्या. पुढे एकच जागा होती, म्हणून काकूंना तिथे बसवायचं ठरलं. पण काकूंनी ऐकलं नाही. त्या नवऱ्याबरोबर मागे चढल्या आणि उलट्या रचलेल्या खुर्च्यांतली एक सरळ करून तीवर बसल्या. टेंपोवाल्याने पैसे घेतले नाहीत. उलट काकांना विचारलं की, वहिनींना आजच धंद्यात घेतलं का.

बहिणीच्या फाटकाशी गाडी नव्हती. हेडबाईही नव्हत्या. होती ती फक्त धाकटी बहीण, आणि ती फुरंगटून बसली होती.

"ती केव्हाच गेली. धड चहासुद्धा घेतला नाही," ती म्हणाली. "आली ती दारातच उभी. म्हणे, मला चावी मिळालीय. आणि गेली."

"कुणाबरोबर गेल्या?"

"कुणाबरोबर म्हणजे? एकटी. गाडी चालवत."

काकू मटकन पायरीवर बसल्या. नोकरी गेली हे आता जुनं झालं होतं. म्हातारी बाई, वर्षात गाडीला हात नाही, भर दुपारचा रस्ता. काही बरंवाईट झालं तर चावी कुणी दिली हे पावतीवर लिहिलेलंच होतं. काका मात्र फाटकाबाहेर जाऊन रस्ता पाहत होते. परत येऊन त्यांनी सांगितलं की वळताना बाईंनी कुंपणाला घासलेली नाही, वळण सुरेख घेतलंय. काकूंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते पुढे बोलले नाहीत.

येताना बस मिळाली. दोघंही खिडकीतून दोन्ही बाजूंचे खड्डे आणि नाले पाहत आली. कुठे गर्दी जमलेली दिसली की काकू उठून उभ्या राहत. एकदा ती गर्दी भाजीची निघाली, एकदा रॉकेलची.

संध्याकाळी गल्लीच्या टोकाशी पोचली तर गाडी बंगलीत उभी. जरा तिरकी, पण उभी. हेडबाई व्हरांड्यात वेताच्या खुर्चीवर बसल्या होत्या. केस वाऱ्याने विस्कटलेले, आणि साऱ्या गल्लीत कुणी कधी पाहिला नव्हता असा चेहरा. पण या दोघांना पाहताच तो चेहरा आत गेला आणि मुख्याध्यापिकेचा बाहेर आला.

"उभे राहा," त्या म्हणाल्या. दोघंही उभीच होती.

काकूंनी वाटभर माफीची वाक्यं जुळवली होती. त्या तोंड उघडणार तोच काकांचं लक्ष गाडीच्या मागच्या बाजूला गेलं आणि ते थेट तिकडे जाऊन उकिडवे बसले. बंपरवर बोटभर लांबीचा ओरखडा होता. बंगलीच्या फाटकाचा हिरवा रंगही त्यात दिसत होता.

"हा सकाळी नव्हता," काका म्हणाले.

काकूंना जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. तेवढ्यात आत फोन वाजला. हेडबाई उठून आत गेल्या. उघड्या दारातून त्यांचा आवाज येत होता. हो, जाऊन आले. हो, नवा ड्रायव्हर. नाही, मी कशाला हात लावीन? मग त्यांनी काकांना आत बोलावलं. मुलाला ड्रायव्हरशीच बोलायचं होतं.

काकांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. काकू दाराशी उभ्या होत्या. पलीकडून काय विचारलं ते ऐकू येत नव्हतं, पण कळत होतं. गाडी तुम्हीच चालवली ना?

काका एरवी खोटं बोलत नसत. त्यात लक्षात ठेवायचं फार असतं म्हणून. त्यांनी एकदा हेडबाईंकडे पाहिलं. त्या जन्मात प्रथमच, वर्गाबाहेर उभ्या केलेल्या मुलीसारख्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

"गाडी सुखरूप पोचली, साहेब," काका म्हणाले. "मागे एक ओरखडा पडलाय. जबाबदारी माझी. पैसे माझ्यातून कापा."

मग हेडबाईंनी त्यांच्या हातातून रिसीव्हर काढून घेतला आणि मुलाला सांगितलं की माणूस त्यांना पसंत आहे, उद्यापासून पक्का, आणि कापाकापी काही होणार नाही. फोन ठेवून त्या वळल्या.

"ओरखडा माझा आहे," त्या म्हणाल्या. "माझ्या ओरखड्याचे पैसे तुम्ही का भरणार?"

हा प्रश्न काकांना आजवर कुणी विचारला नव्हता.

मग हेडबाईंनी खुर्चीत बसून, खालच्या आवाजात, नोकरीच्या अटी सांगितल्या. सकाळी यायचं. गल्ली ओलांडेपर्यंत लोकांना दिसेल असं काकांनी चालवायचं. वळणापलीकडे जागा बदलायची. बाई चालवतील, काका शेजारी बसतील. पगार मुलाने ठरवलाय तोच.

"शेजारी बसून करायचं काय?" काकांनी विचारलं.

"बसायचं."

"बसण्याचे पैसे?" काका म्हणाले. त्यांना खरोखर पटत नव्हतं. ते पुढे काही नियम विचारणार होते, पण काकूंनी त्यांच्या पायावर पाय ठेवला आणि ते गप्प होईपर्यंत उचलला नाही.

पहिले काही दिवस काका घरी आले की अंग दुखतं म्हणत. दिवसभर नसलेला ब्रेक दाबून त्यांच्या पायाला गोळे येत. मग हळूहळू ते बाईंशी बोलू लागले. घरी आल्यावर आज कुठे कुठे गेलो ते काकूंना सांगू लागले. ते इतकं बोलतात हे काकूंना लग्नानंतर प्रथमच कळत होतं.

पहिल्या शनिवारी खालच्या दुकानात कचेरीचा फोन आला. मालक, उद्या एक लांबची गाडी आहे, निघता का? दुकानदाराने जिन्यातून हाक मारून विचारलं. काका गॅलरीत गेले.

"उद्या रविवार," त्यांनी सांगितलं. "मला सुट्टी असते."

वाक्य नीट बाहेर पडलं याचं त्यांना नवल वाटलं. रविवारी ते पहाटेच उठले, अंघोळ केली, धुतलेला शर्ट घातला आणि खोलीच्या मधोमध उभे राहिले.

"सुट्टीला माणसं करतात काय?" त्यांनी काकूंना विचारलं.

काकू मशीनपाशी उभ्या होत्या. उत्तर देण्यासाठी त्यांनी तोंड उघडलं आणि त्यांच्या लक्षात आलं की आपल्यालाही ते ठाऊक नाही. त्यांनाही कुणी कधी सुट्टी दिली नव्हती. अभ्र्यांमागे पैसे, पडद्यांमागे पैसे. मग काकूंनी मशीनवर झाकण घातलं.

दोघं खाली उतरली, रस्त्याला लागली आणि दुसरीकडे कुठे जायची वाट माहीत नसल्यामुळे बसथांब्यावरच्या बाकावर जाऊन बसली. सकाळ छान होती. बस आली, दार उघडलं, ड्रायव्हरने वाट पाहिली.

काकांनी हात हलवून त्याला जायला सांगितलं.