सव्वासाताचा दिवस

सकाळचा चहा पुढे ठेवताना पत्नीने अगदी सहज विचारावं तसं विचारलं, "आज काय आहे, आठवतंय?"

"एकसष्ट चाळीस," दरवाले म्हणाले.

ठेवलेला कप उचलला गेला आणि भरलेलाच आत गेला.

नदीच्या अलीकडे तपकिरी नोटा चालत, पुलापलीकडे निळ्या. आणि पुलाच्या तोंडाशी बसून एकीची दुसरी करून देण्यात दरवाल्यांचं आयुष्य गेलं होतं. एका निळीला किती तपकिरी मोजायच्या, हा आकडा दुकानाबाहेरच्या फळ्यावर पत्र्याच्या पट्ट्यांनी रोज लटकत असे. तारखा त्यांच्या मनात टिकत नसत, दर टिकत. पूर आला तो बाराचा. गिरणी बंद पडली ती बाविसाची. निळी पस्तिसावर गेली त्या हिवाळ्यात गल्लीतली तरणी मुलं एकेक करून पूल ओलांडून गेली, आणि पुढे निळी जसजशी महागत गेली तसतसे संध्याकाळी पुलावरून परतणारे पाय विरळ होत गेले.

आपल्या लग्नाचा वाढदिवस आहे, हे दुपारी दुकानात बसल्याबसल्या त्यांच्या ध्यानात आलं. तारीख अर्थातच आठवेना. पण डोळे मिटताच एक फळा समोर आला: कोवळं ऊन, वाऱ्यावर किणकिणणारी सातची पट्टी, छातीत उगाचच धडधड. सव्वासात! बाजारातून परतताना ती दुकानावरूनच येते. तिने वर पाहावं, तो आकडा वाचावा आणि सकाळचा कप माफ करावा, इतकंच त्यांना हवं होतं. संध्याकाळी त्यांनी चालू दर उतरवला आणि ७.२५ लटकवला. दोन मिनिटांचं तर काम.

पत्नीला मात्र उशीर झाला. आधी आला तो बेकरीवाला, कोपरापर्यंत मैद्याने माखलेला.

"दरवाले, हे खरं?"

"छे हो! ते आमचं घरगुती आहे."

"घरगुती दर? मग आम्ही काय परके?" असं म्हणून तो पळाला, आणि आला तो गल्ला बगलेत मारूनच.

त्याला धावताना पाहून शिंपी धावला, शिंप्याला पाहून न धावणारेही धावले. रांग कोपऱ्यावरून वळली. समोरच्या तरुण प्रतिस्पर्ध्याने घाबरून आपल्या विजेच्या पाटीवरचा आकडा पन्नासवर आणला, मग तिसावर, आणि शेवटी शटरच ओढलं. शटर पडलेलं पाहताच रांगेची खात्रीच पटली. रांगेतल्या म्हाताऱ्यांचा आवाज मात्र हळवा झाला होता.

"सव्वासाताला आमचा भाऊ पलीकडे गेला."

"तेव्हा या गल्लीत दिवेसुद्धा नव्हते."

"दिवे नव्हते, म्हणून तर मजा होती!"

दरवाल्यांनी हळूच पट्टीकडे हात नेला.

"हात लावायचा नाही!" बेकरीवाला ओरडला. "खाली काय लिहिलंय? 'दिसेल तोच दर.' तुमच्याच हाताने रंगवलंय!"

खरंच होतं. त्या तीन शब्दांवर गावाने डोळे मिटून विश्वास टाकला होता. खणात होत्या नव्हत्या त्या सगळ्या निळ्या म्हणजे त्यांचं म्हातारपण. या दराने वाटल्या तर दुकान बुडणार. न वाटल्या तर शब्द. खणावर हात ठेवून ते नुसतेच बसून राहिले.

एवढ्यात भाजीची पिशवी सावरत पत्नी आली. "हे काय मांडलंय?"

"आपल्या लग्नाच्या दिवसाचा दर," ते कुजबुजले. "तुझ्यासाठी."

तिने फळ्याकडे बराच वेळ पाहिलं. तिचे डोळे भरून आले असावेत, असं त्यांना वाटलं.

"सव्वासाताला," ती शांतपणे म्हणाली, "तुम्ही पुलावर फिरत होतात. औषधवाल्याच्या थोरलीबरोबर."

रांग एकदम गप्प झाली. फार सुखाने गप्प झाली.

"फळ्यावर सव्वासात लावून, दाराला कुलूप घालून! आणि मी बाबांचे पैसे मुठीत धरून या पायरीवर. त्यांना पलीकडे जाऊन कवळी बसवायची होती. दिवे लागेपर्यंत उभी होते. दुसऱ्या दिवशी उगवलात तेव्हा दर पावणेनऊ! पैसे पुरले ते वरच्याच दातांना."

"बाजार चढला होता गं..."

"मी होते हिच्या मागे," निवृत्त मुख्याध्यापिका रांगेतून म्हणाल्या. "ही तुला जे जे म्हणत होती ना, ते मी सबंध नोकरीत कोणाला म्हटलं नाही."

"म्हणजे माझा नंबर पहिला," पत्नी म्हणाली. "तेव्हापासून रांगेत आहे मी. कोणाची हरकत?"

बेकरीवाल्याने तोंड उघडलं. मुख्याध्यापिकांनी त्याच्याकडे पाहिलं. तो त्यांचा विद्यार्थी होता. त्याने तोंड मिटलं.

पालेभाजीखालून तिने घरखर्चातून वाचवलेली पुरचुंडी काढली. सव्वासाताच्या दराने ती खणातल्या सगळ्या निळ्यांना पुरून उरली. दरवाल्यांनी शेवटची नोट मोजून दिली आणि उभं राहून जाहीर केलं, "निळ्या संपल्या!" दिलेला शब्द राहिला होता, आणि नोटा घरातच राहिल्या होत्या. रांग हळूहळू विरली. म्हातारे तेवढे पायरीवर रेंगाळले, सव्वासाताच्या दिवसांत.

"वाचवलंस मला," कुलूप लावताना ते म्हणाले.

"तुम्हाला कशाला? निळ्या माझ्या आहेत. उद्या खरा दर लावा, विकायला येते."

घराच्या वळणावर त्यांनी भीतभीत विचारलं, "मग आपल्या लग्नाला दर काय होता?"

"दर? तुमच्याशी भांडायला रोज येत राहिले आणि शेवटी इथलीच झाले, त्या दिवशी फळा कोरा होता. दुकान बंद म्हणून आकडे तुम्हीच उतरवून ठेवले होते. मिरवत येताना पाहिला ना मी. नुसते खिळे."

ते थबकले. बाराचे, बाविसाचे, पस्तिसाचे सगळे फळे मनातून सरकत गेले, आणि त्यांच्यामध्ये कुठेतरी एकच दिवस, धुतल्यासारखा स्वच्छ, ज्याला किंमतच लावलेली नव्हती.

"म्हणूनच सापडत नव्हता," ते म्हणाले.

तिने भाजीची पिशवी त्यांच्या हातात दिली; नोटा आधी काढून घेऊन.