सर्वांना बंधनकारक खुर्ची

न्याय सर्वांना मिळाला पाहिजे याबद्दल सुसंस्कृत जगात कुणाचंही दुमत नाही. तो कोणत्या मजल्यावर मिळतो एवढाच प्रश्न शिल्लक आहे, आणि जर्मनीसारख्या नीटनेटक्या देशात हा प्रश्नही नीटनेटकेपणाने सोडवला जातो, म्हणजे सावकाश.

क्रुमेनबेक गावच्या हेडविग लामर्स यांना हे ठाऊक नव्हतं. लग्नाआधीपासून त्या क्नोल यांच्या बेकरीत काउंटरमागे उभ्या होत्या. 'उभ्या होत्या' हे अलंकारिक नाही. पहाटे दुकान उघडायचं, दुपारपर्यंत पाव, प्रेट्झेल आणि आलुबुखारचा केक विकायचा, आणि घरी गेल्यावर दोन्ही गुडघे उशीवर ठेवून त्यांची समजूत काढायची, असा त्यांचा दिनक्रम होता. अलीकडे गुडघे ऐकेनासे झाले होते.

अशात बेकरीमालकांचा संघ आणि कामगारांची युनियन यांच्यात करार झाला. त्याचं चौदावं कलम असं: गिऱ्हाईक नसताना विक्रेत्याला बसता यावं म्हणून काउंटरमागे एक खुर्ची ठेवावी. (खुर्चीला पाठ असावी का, यावर बोलणी दोनदा फिसकटली. शेवटी पाठ असावी, पण हात नसावेत, अशी तडजोड झाली.) क्नोल या संघाचे सभासद नव्हते. पण तिकडे अशी सोय आहे की, कामगारमंत्र्याने हुकूम काढला तर असा करार त्या धंद्यातल्या सगळ्यांनाच लागू होतो, मग मालक सभासद असो वा नसो. तसा हुकूम निघाला. 'सर्वांना बंधनकारक' हे शब्द लामर्सबाईंनी वर्तमानपत्रात वाचले आणि 'सर्व' या शब्दावर भोळेपणाने विश्वास ठेवला.

"मालक, खुर्ची कधी येणार?" त्यांनी दुसऱ्याच दिवशी विचारलं.

"कसली खुर्ची?"

"सर्वांना बंधनकारक."

क्नोल मनाने वाईट नव्हते. नाताळात ते प्रत्येकाला स्वतःच्या हाताने केलेला केक देत. "हे बघा लामर्सबाई," ते म्हणाले, "पाय दुखतात म्हणाला असतात तर घरातली आणून दिली असती. पण मंत्र्याच्या हुकमाने? मेलो तरी नाही."

"मग पाय दुखतात म्हणून द्या."

"आता कशी देऊ? आता दिली तर ती हुकमाने दिली असं होईल."

या युक्तिवादात खोट काढणं अवघड होतं, म्हणून लामर्सबाई न्यायालयात गेल्या. युनियनने वकील दिली, कायद्यात डॉक्टरेट केलेली, डॉक्टर फेन नावाची. ही वकीलबाई हुशार होती आणि त्यामुळे पहिल्यापासूनच चिंतेत होती.

कामगार न्यायालय दुसऱ्या मजल्यावर भरे. न्यायाधीशांनी लामर्सबाईंना पाहताच "बसा ना" म्हटलं, आणि या प्रकरणात त्यांना मिळालेली ती पहिली खुर्ची ठरली. मग न्यायाधीशांनी समजावून सांगितलं की, खुर्चीचा प्रश्न त्यांच्या अखत्यारीत येतो. पण क्नोल यांचा वकील म्हणतो की मंत्र्याचा हुकूमच वैध नाही. 'सर्वांना' म्हणजे खरोखर सर्वांना का, हे सांगण्याचा अधिकार या मजल्याला नाही. जोवर ते योग्य ठिकाणी ठरत नाही, तोवर प्रकरण विश्रांती घेईल. (तिथल्या कायद्यात थांबवलेल्या प्रकरणाला हाच शब्द आहे.)

"कोण विश्रांती घेणार?" लामर्सबाईंनी विचारलं.

"प्रकरण."

"आणि मी?"

"तुम्ही कामावर जा."

योग्य ठिकाण कोणतं, याला इतिहास आहे. हुकूम सरकारचा, म्हणून तो तिसऱ्या मजल्यावरच्या प्रशासकीय न्यायालयाचा विषय. पण हुकूम कामगारांबद्दलचा, म्हणून तो दुसऱ्या मजल्याचा. पुष्कळ वर्षं दोन्ही मजले एकमेकांना "आधी तुम्ही" म्हणत राहिले. शेवटी संसदेने हा घोळ कायमचा मिटवला: असे वाद फक्त राजधानीतल्या वरिष्ठ कामगार न्यायालयानेच ऐकावेत. या सुधारणेमुळे दोन न्यायालयांच्या जागी तीन झाली.

क्नोल यांच्या वकिलाला हा कायदा तोंडपाठ होता. म्हणूनच त्याने अर्ज तिसऱ्या मजल्यावर केला. चुकीच्या जागी केलेला अर्ज रीतसर योग्य जागी पाठवला जातो, आणि रीतसर गोष्टींना वेळ लागतो. तिसऱ्या मजल्याने खूप खोल विचार करून, हे आपलं काम नव्हे, असा अतिशय वाचनीय निर्णय दिला. दोन्ही मजल्यांचे न्यायाधीश रोज दुपारी खालच्या कँटीनमध्ये एकाच टेबलावर मसुराचं सूप पीत, पण या विषयावर चकार शब्द काढत नसत, कारण सूप पिताना कळलेली गोष्ट न्यायालयाला कळली असं धरता येत नाही.

इकडे दुकानात पोलमान नावाचे निवृत्त रेल्वेवाले रोज राय धान्याचा एक काळसर पाव न्यायला येत. त्यांना लामर्सबाईंचं उभं राहणं बघवेना. एका सकाळी ते मासेमारीचं घडीचं स्टूल घेऊन आले.

"बसा हो बाई, मासे काही तक्रार करणार नाहीत."

क्नोल यांच्या वकिलाने लगेच हरकत घेतली. स्टुलाला पाठ नाही, सबब ते चौदाव्या कलमातली खुर्ची नव्हे. आणि खुर्ची नव्हे म्हणजे ती काउंटरमागची अडगळ, आणि अडगळ आगीच्या नियमांत बसत नाही. स्टूल दर्शनी खिडकीत गेलं. नाताळात त्यावर आल्याच्या बिस्किटांची टोपली बसली.

राजधानीतल्या वरिष्ठ न्यायालयापुढे मुद्दा असा होता की, मंत्र्यांनी या विषयात स्वतः लक्ष घातलं होतं का, कारण त्याशिवाय असा हुकूम वैध ठरत नाही. चौकशीत निघालं की, हुकमावर त्यांनी लिफ्टची वाट बघताना सही केली होती. उभ्या उभ्या. उभ्याने घेतलेला निर्णय विचारपूर्वक मानावा का, यावर दोन्ही बाजूंच्या विद्वानांनी पूर्ण दिवस बसून वाद घातला. अखेर न्यायालयाने मानलं की, माणूस उभ्यानेही विचार करू शकतो, आणि हुकूम वैध ठरवला. सर्व म्हणजे सर्वच. लामर्सबाईंनी त्या दिवशी वकीलबाईंना आलुबुखारचा केक नेऊन दिला.

प्रकरण विश्रांतीतून उठलं. ते ताजंतवानं दिसत होतं. लामर्सबाई तशा दिसत नव्हत्या. क्नोल यांच्या वकिलाने आता नवाच मुद्दा काढला: काउंटरमागे खुर्ची नव्हती, याला पुरावा काय?

नेहमीची गिऱ्हाइकं साक्षीला आली. शाळेच्या मुख्याध्यापिका दर शनिवारी लामर्सबाईंच्या हातून सहा पाव नेत.

"बाई उभ्या असायच्या की बसलेल्या?" न्यायाधीशांनी विचारलं.

"त्या... काउंटरमागे असायच्या."

"उभ्या?"

"असतील. मी पावांकडे बघत होते."

औषधवाल्याला लामर्सबाईंचा आवाज आठवत होता. चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या गृहस्थांना खसखशीचा पाव अमुक शनिवारी संपला होता, हेसुद्धा आठवत होतं. गुडघे कुणालाच आठवेनात. पोलमान यांनी नक्की सांगितलं असतं, पण प्रकरण विश्रांती घेत असताना ते वारले. लामर्सबाई मान खाली घालून ऐकत होत्या. इतकी वर्षं ही माणसं नेमकं कुणाला 'सुप्रभात' म्हणत होती, असं त्यांना वाटलं, आणि खटला सुरू झाल्यापासून पहिल्यांदा त्यांना रडू आलं.

खटला हातचा जाणार, एवढ्यात क्नोलच ताडकन उठले. आपण गुपचूप नमलो असा संशय त्यांना सहन झाला नाही. "मी खुर्ची दिलेली नाही," ते म्हणाले. "एक दिवससुद्धा नाही. अख्ख्या गावाला माहीत आहे!" वकिलाने त्यांचा कोट ओढला, पण तोवर ते नोंदवलं गेलं होतं.

निकाल वाचताना सगळ्यांनी उभं राहायचं, अशी तिथली पद्धत आहे. लामर्सबाई टेबलाची कड धरून उभ्या राहिल्या. निकाल लांब होता आणि त्यांच्या बाजूने होता. मूळ कराराची मुदत मधल्या काळात संपली होती. ती संपेपर्यंत गिऱ्हाईक नसताना बसण्याचा पूर्ण हक्क लामर्सबाईंना होता, असं न्यायालयाने निःसंदिग्धपणे जाहीर केलं.

"म्हणजे आता मागचं बसून काढू?" त्यांनी विचारलं.

"तसं करता येणार नाही," न्यायाधीश खऱ्याखुऱ्या खेदाने म्हणाले. "पण हक्क होता, हे आता कुणी नाकारू शकणार नाही."

"आणि उद्यापासून?"

वकीलबाईंनी हळूच सांगितलं की, नवा करार झाला आहे, चौदावं कलम तेच आहे, मंत्र्यांचा हुकूमही निघाला आहे, आणि क्नोल यांच्या वकिलाने कालच तिसऱ्या मजल्यावर अर्ज केला आहे.

"बसा ना आता," न्यायाधीश म्हणाले.

"नको. बसलं की उठताना जास्त दुखतं," असं म्हणून लामर्सबाई जिन्याकडे निघाल्या.

या नव्या खटल्यातही साक्षीदार लागतीलच, आणि क्रुमेनबेकची माणसं किती बेफिकीर, हे तर आपण पाहिलंच. तुमची गोष्ट वेगळी आहे. तुम्ही ज्या दुकानातून रोज पाव घेता, तिथली ती बाई उभी असते की बसलेली? घाई नाही. बसून आठवा.